आगोट

टायफॉइडमधून उठून आज पहिल्यांदा ओट्यापाशी उभी राहिले. सोलांच्या बरणीत हात घातला. काळपट, चिवट सोलं; बोटांना मीठ. मे महिन्यात रातांब्याच्या सालींना रसाची पुटं देत देत वाळवलेली. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, त्याआधी आगोट भरलीच पाहिजे, ही आईची शिस्त. पावसाळ्याची तरतूद आम्हाला जमते. मनाची?

गेल्या दिवाळीत, बऱ्या मूडमध्ये, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: वाईट दिवसांत ताईला फोन करायचा, अंघोळ टाळायची नाही, रात्री कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. तापात ते पान आठवलंच नाही. (आठवलं असतं तरी फोन केला असता का, कोण जाणे.)

आज ते फाडून बरणीच्या दादऱ्याखाली खोचलं. ओल लागून शाई फुटेल बहुधा.