वही घेऊन शिराळ्याला

नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही, हे आपल्याला पाठ असते. पाटावर गंधाचा नाग काढायचा, हेही पाठ असते. पण तो काढायची वेळ आली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "तूच काढ गं, मला नाही बाई चित्र येत!" मग कुणीतरी एक वेटोळे काढते, वर पिंपळपानासारखा फणा, त्यात दोन डोळे. झाला नाग!

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुली वेगळ्या आणि आपण वेगळ्या, अशी एक वाटणी लहानपणीच होऊन जाते. माझीही झाली होती. बावन्नाव्या वर्षी, मुलगी सासरी गेल्यावर, मी एक कोरी वही आणि दोन मऊ पेन्सिली आणल्या. शिकवायला कोणी नाही. समोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि बसले.

मैत्रिणींनो, एक गोष्ट लगेच कळली. आपला हात अडाणी नसतो. ज्या हाताने पंधरा ठिपक्यांची रांगोळी काढली, त्याला सरळ रेघ शिकवावी लागत नाही. फरक इतकाच, की रांगोळीत ठिपके आधीच मांडलेले असतात आणि चित्रात ते आपण नजरेने शोधायचे. तांब्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असते, म्हणून आपण गोल काढतो. पण पाटावर बसून पाहिले तर ते चपटे दिसते, लांबट चकलीसारखे. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिल आडवी धरायची आणि तोंड किती रुंद, किती उंच ते मोजायचे. कपाचा कान जमत नसेल तर कान काढूच नये. कान आणि कप यांच्यामधली रिकामी जागा काढावी. कान आपोआप येतो! माहीत असलेले बाजूला ठेवून दिसते ते काढायला मला तीन महिने लागले, तेही रोज कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत.

मग आषाढाच्या शेवटी आमच्या ह्यांचे कोकरूडला काम निघाले. मी म्हटले, मला वाटेत शिराळ्याला सोडा, येताना घेऊन जा. पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाक्याला पश्चिमेकडे वळले की अर्ध्या-पाऊण तासात बत्तीस शिराळा येते. सांगली जिल्ह्यातला हा ओल्या डोंगरांकडचा भाग. आधी ऊस, मग हळूहळू भाताची खाचरे लागतात. गावाजवळून मोरणा नदी वाहते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, त्याचे दर्शन घेतले. पाऊस थांबला होता. एका देवळाच्या पायरीवर वही उघडली. चारचौघांत काढायची ही पहिलीच वेळ. येणारे-जाणारे वाकून बघत होते आणि माझे कान गरम झाले होते.

शिराळा म्हटले की नागपंचमी. गोरखनाथ इथल्या महाजनांच्या दारी भिक्षेला आले, घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. तेव्हा त्यांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील का? तेव्हापासून इथे जिवंत नाग पूजले जाऊ लागले, असे सांगतात. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, नंतर उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि ते थांबले. गाव पुन्हा प्रतिमेच्या पूजेकडे आले. २०२५ साली केंद्राने एकवीस नाग पकडायची परवानगी दिली, ती अभ्यास आणि शिक्षणापुरती.

मला विचाराल तर थांबले ते बरे झाले. नाग काही दूध पीत नाही. तहानेने व्याकूळ केला तरच तोंड लावतो. पण माझ्या शेजारी येऊन टेकलेल्या मावशींचे मत तसे नव्हते. सत्तरीच्या असतील. सोबत आठ-नऊ वर्षांची नात.

"काय काढताय ओ ताई?"

मी वही दाखवली. पंचमी जवळ आलेली, म्हणून नागच काढत होते. समोर तोंड केलेला, फण्यावर ठसठशीत दहाचा आकडा. कॅलेंडरवर असतो तसा.

मावशी हसल्या. "आकडा पाठीवर असतोय. तोंड तुमच्याकडं हाय, मग आकडा कसा दिसंल?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

"आमी ल्हान असताना घरात गाडग्यात नाग असायचं. तोंडाला फडकं बांधल्यालं. म्होरनं बघितला तर गळ्याखाली दोन काळं ठिपकं दिसत्यात, आन् खाली आडवं पट्टं. आन् शेपटीपास्नं नका काढू. फण्यापास्नं सुरू करा, अंग आपसूक येतंय."

त्यांनी ओल्या पायरीवर बोटाने एका दमात नाग काढून दाखवला. आयुष्यात पेन्सिल हाती धरली नसेल. पण पाहिले होते डोळे भरून. त्यांच्या वयाच्या बायका आहेत तोवर विचारता येईल. या नातीला मात्र नाग ठाऊक तो चित्रातला आणि मोबाइलमधला.

मी नवे पान घेतले. मावशी सांगत गेल्या, मी काढत गेले. ठिपके दोन, पट्टे आडवे, मान जरा मागे रेललेली. "आता बसला नीट," त्या म्हणाल्या.

नातीने वही मागून घेतली. बराच वेळ पाहिले. "आज्जी, मग आकडा कुठं काढायचा?" आणि उत्तराची वाट न पाहता तिने पान उलटले, उजेडासमोर धरले आणि मागच्या बाजूला, बरोबर फण्याच्या जागी, दहाचा आकडा काढला.