निकाल वीस वर्षांनी

मंडळी, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. तिथे चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत असतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण जो एरमन या खेळाडूबद्दल वाचलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

एरमन 1973 ते 1980 बाल्टिमोर कोल्ट्स संघाकडून खेळले. पैसा, नाव, मौजमजा, सगळं होतं. 1978 मध्ये धाकटा भाऊ बिली कॅन्सरने गेला. एवढं बळ अंगात असून भावाच्या उशाशी त्याचा काही उपयोग नाही, हे त्यांना कळून चुकलं. खेळ संपल्यावर ते धर्मोपदेशक झाले, बाल्टिमोरच्या गरीब वस्तीत काम करू लागले आणि त्याच शहरातल्या गिलमन शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवू लागले. जेफ्री मार्क्स या पत्रकाराने त्यावर ‘सीझन ऑफ लाइफ’ हे पुस्तक लिहिलं (2004).

मुलांना ते सांगत, मैदानातला जोर, पोरींवर छाप आणि खिशातला पैसा म्हणजे पुरुषपण नव्हे. माणसं जोडणं आणि दुसऱ्यासाठी झिजणं, हे पुरुषपण. नुसतं व्याख्यान नव्हे हो! डबा खायच्या सुट्टीत कुणी मुलगा एकटा बसलेला दिसला, तर संघातल्या मुलाने त्याच्याजवळ जाऊन बसायचं किंवा त्याला आपल्यात बोलवायचं, असा दंडकच होता.

यंदाचा संघ कसा आहे, असं विचारलं की त्यांचं म्हणणं असे, वीस वर्षांनी विचारा. ही मुलं कसे नवरे, कसे बाप होतात ते पाहून सांगेन.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. चौतीस वर्षं शिकवलं. दर जूनला शेकडा किती लागला, हाच प्रश्न. दहावीला दोनदा बसलेला माझा एक विद्यार्थी आज अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं स्वतःच्या हाताने करतो. रिक्षा चालवतो, दुपारी आईला भरवायला घरी येतो. आमच्या निकालपत्रकात त्यासाठी रकानाच नव्हता.

त्याच्या या गुणात माझा वाटा किती, देव जाणे. बहुधा तो त्या माउलीचाच. पण मास्तरकीचा खरा निकाल असाच उशिरा लागतो, आणि तो पाहायला आपण असूच असंही नाही.

असो. तुमच्या ओळखीत घरी लहान मास्तर-मास्तरीण कुणी असतील, तर त्यांना एरमनची ही गोष्ट जरूर सांगा.