साडेतीन अंशांची सकाळ

२९ डिसेंबर २०१८. नागपुरात पारा ३.५ अंशांवर, आजवरच्या नोंदींतला नीचांक. मे महिन्यात ४७ अंश सोसणारं आमचं शहर त्या पहाटे शेकोटीपासून हलत नव्हतं. वीज गेलेली, आणि मी अंगणात जनरेटरची दोरी ओढत होतो.

जनरेटर जुना. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर टाकायचा. चोक दिला, वीसेक झटके मारले. खांदा भरून आला, तो मात्र ढिम्म. प्लग काढला तर ओलाचिंब, वास रॉकेलचा. चूक माझीच. रात्री बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर फिरवलाच नव्हता. कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहिलं, आणि असल्या गारठ्यात त्याची वाफ होते कुठली! तळाचा स्क्रू सैल करून ते वाहू दिलं, पेट्रोल येऊ दिलं, प्लग घासून-पुसून उन्हात ठेवला. ऑइलही काकवीसारखं झालेलं. मग तिसऱ्या झटक्याला धडधड सुरू.

लडाखमध्ये तर डिझेलमधलं मेणच गोठतं. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं तिथं उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल आणलं. आमचं कौतुक आपलं साडेतीनाचं!

शेजारचे काका म्हणाले, "आत घे ना बाबू त्याले, गारठला बिचारा." साफ नाही म्हटलं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. थंडी कितीही पडो, जनरेटर घराबाहेरच, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा.