गौलीगुडात एक दिवस

सुट्टीत हैदराबादला जाणारे आपण बहुतेक जण चारमिनार, गोवळकोंडा आणि बिर्याणी उरकून परततो. या वेळी मी एक अख्खा रविवार गौलीगुडासाठी ठेवला. सोबत आतेबहीण आणि तिचा नववीतला मुलगा. यादी नाही, वेळापत्रक नाही, सगळं पायी.

नावातच गवळी आहेत, ‘गुडा’ म्हणजे वस्ती. सुरुवात राममंदिरापासून केली. हनुमान जयंतीची ताडबनपर्यंत जाणारी मोठी मिरवणूक इथूनच निघते, पण एरवी सकाळी इथे निवांत असतं. कोपऱ्यावर चहावाल्याने विचारलं, “और एक होना क्या?” बहीण म्हणाली, “नक्को.” हा ‘नक्को’ आपलाच, बरं का. मराठीतल्या ‘नको’ने दखनीत जाऊन एक जोडाक्षर कमावलं, एवढंच.

पुढे जुन्या बसस्थानकाची जागा आहे. निजामाच्या काळातला विमानाच्या हँगरसारखा पत्र्याचा प्रचंड अर्धगोल मांडव इथे होता. १९३२ मध्ये निजाम संस्थानाची बससेवा अवघ्या २७ गाड्यांवर सुरू झाली, आणि पुढे कितीतरी वर्षं शहरात येणारा माणूस याच मांडवाखाली उतरायचा. माझी आत्याही लग्न होऊन आली ती इथेच उतरली. ५ जुलै २०१८ ला तो मांडव कोसळला. सुदैवाने आधीच रिकामा केलेला होता, कुणाला इजा झाली नाही.

तिथून जामबागकडे वळलं की विवेकवर्धिनी. केशवराव कोरटकर, वामन नाईक अशा मंडळींनी मराठी मुलांसाठी उभी केलेली संस्था. दरबाराची भाषा उर्दू असताना मातृभाषेत शिकवायचं, हे तेव्हा सोपं नव्हतं. आपल्याकडे हा अभिमानाचा भाग नेहमी सांगितला जातो. दुसरा भाग मात्र भाच्याने सांगितला, त्याच्या इतिहासाच्या पुस्तकातला. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. आल्लमपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा मराठी आणि कन्नड श्रोत्यांनी हुर्यो उडवून त्यांना बोलू दिलं नाही. अपमान झालेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली.

आपली भाषा जपायला निघालेल्या माणसांच्या सभेत दुसऱ्याच्या भाषेला जागा मिळाली नाही, आणि तीही त्याच्याच मुलखात. भाचा हे सांगत होता मराठीत, मधूनमधून “हौ ना मावशी” म्हणत. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. परीक्षेला येतं म्हणून पाठ आहे, म्हणाला. मला मात्र त्या इमारतीसमोर थोडा वेळ काही बोलवेना.

दुपारी जेवून सुलतान बाजारात गेलो. गर्दी, बांगड्या, घासाघीस. त्यावर लिहिण्यासारखं नवं काही नाही. पण तिथेच श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे १९०१ पासूनचं तेलुगू ग्रंथालय आहे. त्याच्या स्थापनेत कोमर्राजू लक्ष्मणराव यांचा हात होता. हे गृहस्थ नागपुरात शिकले, मराठीत लेख लिहायचे आणि शिवाजी महाराजांचं चरित्र त्यांनी तेलुगूत लिहिलं. विवेकवर्धिनीपासून हे ठिकाण चालत जाण्याइतकं जवळ आहे.

दारावरची पाटी तेलुगूत. बहीण इतकी वर्षं या शहरात राहूनही ती लिपी अडखळत वाचते. मला तर ती सगळी गोल गोल नक्षीच दिसते. भाच्याने एकेका अक्षरावर बोट ठेवून पाटी वाचून दाखवली. मग माझ्या वहीत ‘अ’पासून सुरुवात करून दिली. संध्याकाळी गौलीगुडात परत येईपर्यंत माझी मजल ‘ऊ’पर्यंत गेली होती.