भनपुरीच्या कुंडीत सह्याद्रीचं कंदीलपुष्प

भनपुरी म्हटलं की रायपूरकरांना कारखाने आणि ट्रकांची वर्दळ आठवते. पण तुमची बाग फुलवणारी एक गोष्ट याच परिसरात आहे: माती. इथला शेतकरी ती नावाने ओळखतो. काळी चिकट ती कन्हार, पिवळसर ती मटासी आणि लाल, खडीची ती भाठा.

आता चला सह्याद्रीत. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे आणि आसपासच्या कडेकपारीत पावसाळ्यात कंदीलपुष्प उमलतं. फूल इवल्याशा कंदिलासारखं, जमिनीखाली गोल कंद. पाणी खडकातून झिरपून जातं, म्हणून धुवाधार पावसातही कंद टिकतो.

भनपुरीत कन्हार मातीत लावाल, तर हाच कंद कुजेल. त्यापेक्षा भाठ्याचा चाळलेला मुरूम दोन भाग, जाडी रेती एक भाग आणि कुजलेला पालापाचोळा एक भाग घ्या. ओलं मिश्रण मुठीत दाबा. गोळा घट्ट राहिला, तर मुरूम वाढवा. कुंडी मातीची, तळाला मोठं छिद्र हवं. पानं पिवळी पडली की पाणी बंद करा. मेच्या उन्हात कुंडी सावलीत कोरडी ठेवा. कंद मेलेला नसतो, झोपलेला असतो.

रोप मात्र डोंगरातून उपटू नका. यातल्या अनेक जाती दुर्मिळ आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांचं संवर्धन चालतं. बियांपासून वाढवलेलंच रोप घ्या.