दिसतंय, पण कळत न्हाई!

'तुझ्या त्या व्हॉट्सअ‍ॅपवर कापड दिसतंय गं, पण कळत न्हाई!' हा माझ्या इचलकरंजीच्या मामाचा पेटंट डायलॉग. 1904 पासून यंत्रमागावर जगणारं गाव. मामाचे 24 माग, त्यातले निम्मे बंद. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत 'भारत टेक्स' भरलं, तेव्हा तो निघाला. सोबत मी. ऑफिशियली स्टोरीसाठी, खरं तर तो एकटा पडू नये म्हणून. खर्च? एका कामगाराचा महिन्याचा पगार. मामी दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

माझं मत ठरलेलं होतं. सुरतेचे व्यापारी फोनवर फोटो टाकून माल विकतात, मग हा खटाटोप कशाला? भारत मंडपमचा पहिला दिवस माझ्याच बाजूने गेला. कार्डं वाटली, फुकटच्या पिशव्या मिळाल्या, पाय दुखले. बस्स!

दुसऱ्या दिवशी एका शर्टवाल्याच्या स्टॉलवर मामा थबकला. कापडाचा कोपरा मुठीत चुरगाळला, सोडला, चुण्या किती राहतात ते पाहिलं. भिंगाखाली धागे मोजले. मग पिशवीतून स्वतःचं पॉपलिन काढलं. समोरच्यानेही अगदी तसंच चुरगाळलं! पाऊण तास गप्पा: सुताचा काउंट, पन्हा, धुतल्यावर किती आटतं. भाव कुणीच काढला नाही.

महिन्याने फोन आला. सँपलसाठी 200 मीटर. मामाने बंद मागांपैकी एक सुरू केला. मामीने मात्र मला गाठलंच, 'दोनशे मीटरात दिल्लीचं भाडं तरी निघतंय का गं?'

मी विषय बदलला.