संगणकाचा 'नो केन'

गळिताचा हंगाम सुरू झाला की श्रीगोंद्याचं रूपच बदलतं. उसाच्या दुहेरी ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात, धुराड्यांची काजळी हवेत तरंगते आणि वाळत घातलेल्या धोतरापासून टीव्हीच्या पाठीपर्यंत सगळीकडे तिचा बारीक थर बसतो. आमच्या २००९ सालच्या डेस्कटॉपचं कॅबिनेट भाच्यानं उघडलं तेव्हा आत असे कितीतरी हंगाम साचलेले होते. पंख्याच्या पात्यांवर काळपट मखमल चढली होती. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधल्या फटी बुजल्या होत्या. त्याने रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं आणि म्हणाला, "मामा, तुम्ही ह्याला भंगारात घालायला निघाला होता व्हय?"

निघालो होतो खरा. या यंत्रावर मी बरीच वर्षं पत्रिका जुळवल्या. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, दशक्रियेच्या. हरिनाम सप्ताहांची पत्रकं, त्यांत कीर्तनकारांच्या नावांचे लांबलचक तक्ते. शेख महंमद महाराजांचं गाव हे. इथे पत्रकांना कधी तोटा नसतो. सगळं श्रीलिपीच्या फाँटमध्ये, पेजमेकरवर. त्या काळचे फाँट युनिकोडचे नव्हेत. तसली फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गाळ दिसतो. म्हणजे यंत्र टाकायचं तर त्यातल्या मजकुरावरही पाणी सोडावं लागणार. आणि यंत्र तर असं की लाइट जाऊन आली की पुन्हा कामाला लागेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हावा. मध्ये पेजमेकर उघडायला सांगितलं तर आतून कुरकुर ऐकू यायची आणि पडद्यावर नुसतं वर्तुळ फिरत राहायचं.

मी म्हणायचो, म्हातारा झाला. भाच्याचं म्हणणं वेगळं. कारखान्यात गव्हाणीत ऊस पडला नाही की 'नो केन' म्हणतात. मिल धडधाकट असते, पण काट्यावर ट्रॉल्या तुंबल्या तर ती चालणार कशाच्या जोरावर? "तुमचा प्रोसेसर चांगलाय, मामा. त्याला ऊस मिळंना."

हे अगदी खरं होतं. हार्ड डिस्कच्या पोटात काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून वाचणारं डोकं पृष्ठभागाला न टेकता, काही नॅनोमीटर वरून, हवेच्या थरावर सरकतं. हवा तो तुकडा कुठल्या वर्तुळात आहे ते पाहून आधी तिथे जायचं, मग तो फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबायचं. नुसत्या अर्ध्या फेऱ्यालाच चार मिलिसेकंद जातात. डोक्याचा प्रवास धरला तर दहा-बारा. आपल्याला हा वेळ जाणवणारही नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फायली मागते आणि डिस्क सेकंदाला शंभरएकच खेपा करू शकते. इकडे प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी पावलं टाकू शकतो, आणि तो हात बांधून बसून.

मला या जुन्या यंत्रणेचं कौतुक आहे, ते काही लपवत नाही. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचा संगणक आणला तेव्हा त्यात दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरं मावत. माझी ३२० जीबीची डिस्क त्याच घराण्यातली. बंद केल्या केल्या ती उचलली तर तबकड्या अजून फिरत असतात आणि मनगटाला एक हलकासा पीळ बसतो. आपण वळवू तिकडे ती सहज वळत नाही. भाच्याने काढून हातात दिली तेव्हा ती कोमट होती आणि चांगली जड.

तिच्या जागी आणलेली नवी एसएसडी २४० जीबीची. तिचं वजन हातावर ठेवूनही कळेना. आत फिरणारं काही नाही. तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी १९८७ मध्ये मांडलेली नँड फ्लॅशची कल्पना: इन्सुलेशनने वेढलेल्या इवल्याशा जागेत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, वीज गेली तरी ते तिथेच राहतात. कुठलाही तुकडा मागा, मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात हजर. आमचा मदरबोर्ड जुना, डिस्क जोडायच्या 'साटा' जोडणीची दुसरी पिढी. त्यामुळे एसएसडीचा पुरा वेग त्यातून निघायचा नाही. "निम्मा निघाला तरी उड्या मारल," असं म्हणून भाच्याने तिला दुहेरी टेपने कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवून टाकली. हलणारा भागच नाही, तर स्क्रू कशाला? माझ्यासारख्या जुन्या माणसाला ते जरा अपमानास्पद वाटलं.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर उतरवायला बराच वेळ गेला. कारण उघड आहे, वाचायचं जुनीवरूनच होतं. नंतर बटण दाबलं. यंत्राने एकच 'बीप' केलं आणि विंडोज सेव्हन समोर येऊन उभी. पेजमेकरही तसाच आला. श्रीलिपीने कुरबुर केली नाही. एका जुन्या सप्ताहाचं पत्रक उघडलं. काल्याच्या कीर्तनाची वेळ, महाप्रसादाचे अन्नदाते, सगळं जागच्या जागी.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हार्ड डिस्क सहसा सांगून जाते. आधी अडखळते, मग टकटक करते, शहाणा माणूस त्या मुदतीत आपला मजकूर काढून घेतो. एसएसडी आज चालते आणि उद्या बायॉसमध्ये दिसतच नाही. कित्येक वर्षं विजेविना कपाटात पडली तर तिच्यातले इलेक्ट्रॉनही हळूहळू गळतात. म्हणून जुनी डिस्क मी भाच्याला खोलू दिली नाही. त्याला आतले लोहचुंबक हवे होते. फार ताकदीचे असतात म्हणे. तिला यूएसबीची डबी आणली आणि काष्टीच्या बाजाराच्या दिवशी सगळी कामं तिच्यावर उतरवायची असा नेम धरला. विंडोज सेव्हनचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच काढून घेतला, तेव्हा या यंत्राला इंटरनेटची तार जोडायची नाही हेही ठरलं. पत्रक पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि प्रेसला नेऊन द्यायचं, पूर्वीसारखं.

भाच्याची नजर आता रॅमवर आहे. दोनाचे चार जीबी करू म्हणतो. डीडीआर-टूच्या नव्या पट्ट्या दुकानात मिळत नाहीत. जुन्याच धुंडाळाव्या लागतात. नगरला त्याच्या ओळखीचा कोणी आहे. मी पैसे काढून ठेवलेत, पण त्याला अजून सांगितलेलं नाही.